कौलसाहेबांची चपराक

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन १७ ऑगस्ट २०२५ रोजी झाले आणि वकिलांच्या चार दशकांहून अधिक काळच्या लढ्याला फळ आले. सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची खेप वाचली, हे थोडे नव्हे. न्यायालयाबरोबर त्याच्या भोवतीची वर्दळही आली. कारकून, टंकलेखक, ताटकळणारी माणसे आणि अर्थातच चहा. न्यायमंदिराच्या या उंबऱ्यावरच्या जगाची नोंद चित्रपटांनी क्वचितच घेतली. सुभाष कपूर यांच्या ‘जॉली एलएलबी’ (२०१३) या हिंदी चित्रपटाने ती घेतली, आणि त्या जगाचा प्रतिनिधी रंगविला तो कोल्हापूरच्या मातीतल्या रमेश देव यांनी.

हिंदी चित्रपटातले न्यायालय म्हणजे गर्जना आणि टाळ्यांची वाक्ये, अशी आपली समजूत झालेली आहे. येथे मात्र गर्दीने कोंदलेली एक साधी खोली आहे आणि कंटाळलेले, पण जागे असलेले न्यायाधीश आहेत. पदपथावर झोपलेल्या मजुरांना धनिकपुत्राची मोटार चिरडते. मेरठहून दिल्लीस आलेला जॉली हा सामान्य वकील प्रसिद्धीच्या हव्यासाने त्या प्रकरणात जनहित याचिका करतो आणि पुढे लाचेच्या मोहात सापडतो. न्यायाधीश त्रिपाठींच्या भूमिकेसाठी सौरभ शुक्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्यच. परंतु त्या झगमगाटात कौलसाहेब झाकले गेले.

कौल हे न्यायालयाच्या आवारात उपाहारगृह चालविणारे वृद्ध गृहस्थ. जॉलीवर त्यांचा जीव आहे. त्याने पैसे घेतल्याचे कळताच ते त्याच्या थोबाडीत मारतात. बस, एवढेच! ‘आंधळा मागतो एक डोळा’पासून (१९५६) खलनायक आणि नायक म्हणून रमेश देव पडद्यावर किती हाणामाऱ्या खेळले असतील, त्याची मोजदाद नाही. देखणेपण, रुबाब आणि दमदार आवाज हे त्यांचे भांडवल. ऐंशी ओलांडलेल्या या नटाने येथे ते सारे बाजूला ठेवले. त्या हाताच्या मागे जोर नाही, दुखावलेपणा आहे. तरण्याबांड गुंडाच्या ठोशाने जे साधले नसते ते त्या थकलेल्या हाताने साधते; आरोपीआधी वकिलाचाच निवाडा होतो, आणि तोही न्यायासनाच्या बाहेर.

अशा नटांना आपण ‘रुबाबदार’ म्हणून मोकळे होतो आणि अभिनयाचे माप दुसऱ्यांच्या पदरात घालतो. ‘आनंद’मधील (१९७१) डॉक्टर प्रकाश कुलकर्णी आठवावा. दोन मोठ्या नटांच्या मधे उभे राहून चित्राचा तोल सांभाळणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. रमेश देव २ फेब्रुवारी २०२२ रोजी गेले. आपल्या गावी उच्च न्यायालयाचे कामकाज चालू झालेले त्यांना पाहता आले नाही.

वकील मंडळींनी एखाद्या सुट्टीच्या संध्याकाळी हा चित्रपट पुन्हा लावावा. पहिल्या रांगेत आवारातले चहावाले बसवावेत.