पेटी नालवाडीत, पाना नागपुरात!

दुकानाचं शटर खाली आलं की आत भिंतीवरची एक पेटी जागी राहते. दार, खिडकी, तिजोरीची खोली, मागचा जिना, सगळीकडे तिचं लक्ष असतं. हे सिक्युरिटी अलार्मचं कंट्रोल पॅनेल. वर्ध्याला खेटून असलेल्या नालवाडीत एखाद्या सराफाच्या, मेडिकलच्या किंवा कृषी केंद्राच्या दुकानात ते विनाकारण ओरडू लागलं आणि जाणकार टेक्निशियन नागपुरात असला, तर मधे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर उभे राहतात. दुरून सर्व्हिसिंगची सोय हे अंतर मिटवते. मात्र ती नीट बसवली तरच. या सोयीच्या पोटात दडलेल्या या काही भन्नाट गोष्टी.

तार कापली? पेटीला लगेच कळतं

सिनेमातला चोर कात्रीने तार कापतो आणि अलार्म गप्प होतो. खऱ्या पॅनेलपुढे ही युक्ती चालत नाही. सेन्सरकडे जाणाऱ्या तारेच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर बसवलेला असतो आणि पॅनेल त्या तारेचा रोध सतत मोजत असतं. तार तुटली की रोध अफाट वाढतो, तारा एकमेकींना चिकटवल्या की तो शून्यावर येतो. दोन्ही वेळा पॅनेल बोंब मारतं.

गंमत पुढे आहे. काही पॅनेलमध्ये हे आकडे दुरूनही वाचता येतात. मागच्या दाराच्या तारेचा आकडा महिन्यागणिक वर सरकताना दिसला, तर कुठेतरी जोड सैल झालाय किंवा गंज धरलाय हे नागपुरातल्या खुर्चीवरून ओळखता येतं, पहिला खोटा अलार्म वाजायच्या आत!

शोध लावला एका पाद्र्याने

विजेवर चालणाऱ्या चोर-अलार्मचं पेटंट २१ जून १८५३ रोजी अमेरिकेतल्या ऑगस्टस रसेल पोप या पाद्र्याला मिळालं. दार उघडलं की विद्युतमंडल पूर्ण व्हायचं आणि घंटा वाजायची. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी त्याचे हक्क विकत घेतले आणि घरोघरच्या घंटांच्या तारा एका केंद्राशी जोडण्याचा धंदा उभा केला. १८७७ मध्ये बॉस्टनमध्ये टेलिफोनचं एक अगदी सुरुवातीचं एक्स्चेंज याच तारांवर चाललं. दिवसा तारांवरून माणसं बोलायची, रात्री त्याच तारा चोरांवर नजर ठेवायच्या. म्हणजे अलार्म आणि फोन यांची सोयरीक फोनच्या जन्मापासूनची आहे.

नर्सबाईंचा रिमोट

घरबसल्या दार बघायचं, पाहुण्याशी बोलायचं आणि बटण दाबून कडी काढायची. हे सगळं न्यूयॉर्कमधल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सने १९६६ मध्ये कागदावर मांडलं. ड्यूटीच्या वेळा आडनिड्या, पोलीस यायला उशीर, म्हणून त्यांनी पती अल्बर्ट यांच्यासोबत ही योजना आखली. दाराला चार भोकं, त्यांवर सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा आणि धोक्याचं बटण. पेटंट २ डिसेंबर १९६९ रोजी मिळालं. आजच्या व्हिडिओ डोअरबेलची ही थोरली बहीण.

मिस्ड कॉलची किल्ली

मिस्ड कॉल आपल्याकडे भाषाच आहे: ‘पोचलो’, ‘खाली ये’, ‘आता तू लाव’. अलार्मच्या पॅनेललाही ही भाषा येते. लँडलाइनच्या जमान्यात पॅनेल आणि आन्सरिंग मशीन एकाच लाइनवर असायचे. टेक्निशियनने फोन केला की मशीनच आधी उचलायचं. त्यावर तोड निघाली. टेक्निशियनने एक-दोन रिंग द्यायच्या, फोन ठेवायचा आणि थोड्या वेळात परत लावायचा. पॅनेल ही खूण ओळखायचं आणि दुसऱ्या फोनच्या पहिल्याच रिंगला स्वतः उचलायचं.

त्या जोडणीचा वेग बहुधा सेकंदाला ३०० बिट. या वेगाने मोबाइलमधला २ एमबीचा एक फोटो पाठवायला जवळपास १५ तास लागतील! पॅनेलला मात्र तो पुरायचा, कारण सेटिंग म्हणजे मोजके आकडे आणि अक्षरं. शिवाय हळू बोललं की खरखरणाऱ्या लाइनवरही शब्द चुकत नाही.

‘ठेव, मीच लावतो’

फोन करणारा खरा टेक्निशियन आहे की भामटा, हे पॅनेलने ओळखायचं कसं? सोपा उपाय म्हणजे कॉलबॅक. पॅनेल फोन उचलतं, पासवर्ड घेतं, फोन ठेवून देतं आणि आपल्या स्मरणात आधीच साठवलेल्या नंबरवर स्वतः फोन लावतं. पासवर्ड चोरीला गेला तरी भामट्याच्या हाती काही लागत नाही, कारण फोन वाजतो तो खऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये. बँकेच्या नावाने फोन आला तर तो ठेवून पासबुकावरच्या नंबरला आपणच फोन करावा, हा शहाणपणा आपणही याच पेटीकडून घ्यावा असा आहे.

तीन आकड्यांची बाराखडी

पॅनेल आणि अलार्मवर दुरून लक्ष ठेवणारं निगराणी केंद्र यांच्यात ‘कॉन्टॅक्ट आयडी’ नावाची सांकेतिक पद्धत जगभर चालते. फोनची बटणं दाबल्यावर येतात तसे सूर आणि त्यांतून तीन आकड्यांचे निरोप. ११० म्हणजे आग. १३० म्हणजे घरफोडी. ३०१ म्हणजे लाइट गेली. ३०२ म्हणजे बॅटरी उतरली. ६०२ म्हणजे ‘मी ठीक आहे’ असा ठरल्या वेळचा हजेरीचा निरोप.

सगळ्यांत थरारक १२१. चोराने मानेवर सुरा धरून ‘अलार्म बंद कर’ म्हटलं, तर मालक नेहमीचा कोड न टाकता आधी ठरवलेला दुसरा कोड टाकतो. अलार्म निमूट बंद होतो, चोर खूश होतो आणि केंद्राकडे गुपचूप निरोप जातो, ‘मालक संकटात आहे’. आपल्या पॅनेलवर हा कोड ठरवलाय का, हे आजच विचारून घ्या.

पेटीच आधी हाक मारते

आता फोनलाइनची जागा इंटरनेट आणि सिमने घेतली. पण आपल्याकडे मोबाइल इंटरनेटवर बहुधा अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. त्यामुळे बाहेरून थेट आपल्या पॅनेलचं दार ठोठावताच येत नाही. म्हणून पॅनेल स्वतः बाहेर पडून सर्व्हरशी जोडून घेतं आणि टेक्निशियन त्या सर्व्हरमार्फत त्याला भेटतो. यात एक फायदाही आहे. बाहेरच्या जगासाठी राउटरमध्ये दार उघडं ठेवावं लागत नाही. कोणी ‘पोर्ट ओपन करून देतो’ म्हणालं, तर आधी दुसरा मार्ग आहे का ते जरूर विचारा.

तेरा आकड्यांचं सिम

माणसांचा मोबाइल नंबर दहा आकडी, यंत्रांचा तेरा आकडी! २०१८ पासून देशात यंत्रांनी यंत्रांशी बोलायच्या सिमना १३ आकडी क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. अनेक छोट्या दुकानांत मात्र पॅनेलमध्ये साधं प्रीपेड सिम असतं आणि त्याचं रिचार्ज विसरलं जातं. पेटी चालू, सेन्सर चालू, सायरनही चालू, पण निरोप बाहेर जातच नाही. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. हजारोंच्या यंत्रणेचा जीव त्या रिचार्जमध्ये आहे.

वर्ध्याचं ऊन आणि गोंधळलेला सेन्सर

खोलीच्या कोपऱ्यातला पीआयआर सेन्सर कॅमेऱ्यासारखा बघत नाही. शरीरातून निघणारे अवरक्त किरण तो टिपतो. भिंत थंड आणि माणूस गरम, हा फरक हलला की तो समजतो, कोणीतरी आलं. पण वर्ध्याचा मे महिना! पारा ४५ च्या आसपास, बंद दुकानाच्या भिंती रात्रीही तापलेल्या. भिंत आणि माणूस यांचं तापमान जवळ आलं की फरकच उरत नाही आणि सेन्सरची नजर मंदावते. म्हणून विदर्भात सेन्सर घेताना तापमानाप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारा घ्यावा. मायक्रोवेव्हची जोड असलेला सेन्सर हालचालीवरूनही पारख करतो, त्यामुळे खोटे अलार्म कमी होतात. पीआयआरच्या भिंगावर पाल चढली किंवा चालू राहिलेल्या कूलरने पडदा हलवला, तरी रात्री दोनला गल्ली जागी होते!

उन्हाचा दुसरा घाव बॅटरीवर. पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचं ठोकताळ्याचं गणित असं की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं. पाच वर्षांची बॅटरी सतत ३५ अंशांत ठेवली तर अडीच वर्षांत थकते. बॅटरीचा व्होल्टेज दुरून दिसतो, ती बदलायला मात्र माणूसच लागतो. पत्र्याखालच्या भिंतीवर पॅनेल बसवू नका.

दुरून काय जमतं, काय नाही

जमतं ते असं: कामावरून गेलेल्या नोकराचा कोड काढून टाकणं, दार उघडल्यापासून कोड टाकेपर्यंतची मुदत वाढवणं, घड्याळ लावणं, बिघडलेला एखादा झोन (म्हणजे एखाद्या दाराची किंवा सेन्सरची तार) तात्पुरता बाजूला ठेवणं आणि पेटीने नोंदवलेल्या शेकडो घटनांची यादी वाचणं. ही यादी म्हणजे खजिना. अलार्म रोज पहाटे एकाच वेळी वाजत असेल, तर तिथेच धागा सापडतो.

जमत नाही ते असं: दाराच्या सेन्सरचं पडलेलं चुंबक परत चिकटवणं, उंदराने कुरतडलेली तार जोडणं, भिंगावरचं कोळ्याचं जाळं पुसणं. वर्षातून एकदा तरी टेक्निशियनने शिडी घेऊन यायलाच हवं.

जोडणीच्या सात पायऱ्या

१. पॅनेलचं मॉडेल, अनुक्रमांक आणि झोनची यादी कागदावर उतरवा. ‘झोन ४’ नको, ‘गोदामाचं मागचं दार’ असं नाव द्या.
२. कारखान्यातून आलेला इंजिनिअर कोड पहिल्याच दिवशी बदला. दुरून जोडणीचा पासवर्ड वेगळा ठेवा.
३. निरोपाला दोन वाटा द्या, ब्रॉडबँड आणि सिम. एक बंद पडली तर दुसरी हवी.
४. राउटरलाही बॅकअप द्या. लाइट गेल्यावर पॅनेल बॅटरीवर चालेल, पण राउटर झोपला तर उपयोग काय?
५. काहीही बदलण्याआधी आहे त्या सेटिंगची प्रत उतरवून ठेवायला सांगा.
६. चाचणीआधी निगराणी केंद्राला आणि शेजाऱ्यांना कळवा. मग दुकानातल्या माणसाने एकेक दार उघडायचं, सेन्सरपुढून चालायचं आणि टेक्निशियनने तिकडे नोंद पडली का बघायचं. दुरून पायी फिरता येत नाही!
७. काम संपलं की जोडणी बंद झाल्याची खात्री करा आणि काय बदललं ते लिहून घ्या.

मालकाचा ‘हो’ आधी

युरोपातल्या अलार्मच्या ईएन ५०१३१ या मानकात वापरणाऱ्यांचे चार स्तर आहेत. पहिला कोणीही, दुसरा मालक किंवा त्याने नेमलेली माणसं, तिसरा टेक्निशियन, चौथा उत्पादक. टेक्निशियनचा कोड कितीही बलवान असला, तरी या मानकानुसार दुसऱ्या स्तरावरच्या माणसाने परवानगी दिल्याशिवाय तो आत शिरू शकत नाही. या सगळ्या तंत्रातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. दुरून कोणी दुकानाच्या सुरक्षेला हात लावणार असेल, तर कडी मालकानेच आतून काढायला हवी, आणि काम झाल्यावर ती पुन्हा लागायला हवी.

कुलपाविना बँक, रिमोटवरचं दार

शनिशिंगणापुरात घरांना दारं-कुलपं न लावण्याची परंपरा. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तिथे ‘कुलपाविना’ शाखा उघडली. परंपरेचा मान राखून काचेचं दार बसवलं आणि सहज नजरेत न येणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूपही. श्रद्धा आणि सर्किट एकाच चौकटीत!

नालवाडीचा वेगळाच अलार्म

१९३२ च्या अखेरीस विनोबा भावे नालवाडीत राहायला आले आणि सूतकताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग त्यांनी इथे केला. १९३८ मध्ये ते पवनारला गेले. याच विनोबांपुढे मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यातल्या डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली. आणि जवळच्या सेवाग्राम आश्रमात अजून एक जुना टेलिफोन जपून ठेवलाय. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. दुरून जोडणारी तार या परिसराला नवी नाही आणि ती कोणाच्या हाती द्यायची याचा विवेकही नवा नाही.

आज विचारायचे तीन प्रश्न

अलार्म बसवणाऱ्याला फोन लावा आणि विचारा. माझ्या पॅनेलमध्ये दुरून कोण कोण शिरू शकतं? ते शिरतात तेव्हा मला कळतं का? आणि मी नको म्हटलं तर त्यांना थांबावं लागतं का? तिन्ही उत्तरं स्पष्ट मिळाली तर दुरून सर्व्हिसिंग बेलाशक सुरू करा. खेप वाचेल, वेळ वाचेल आणि बिघाड चोराआधी टेक्निशियनला दिसेल. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ती सोय तोवर बंद ठेवायला सांगा. तसं सांगायचा पूर्ण हक्क तुमचा आहे.