आधी माती, मग रोप

वळीव पडला की आपल्या सगळ्यांनाच बागेची हौस येते. नर्सरीतून फुलांनी लगडलेला गुलाब येतो, मोगरा येतो, आणि गौरी-गणपतीपर्यंत कुंडीत नुसत्या काटक्या उरतात. मग आपण म्हणतो, "माझ्या हाताला गुणच नाही!" मैत्रिणींनो, दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, कुंडीतल्या मातीचा असतो. घट्ट, चिकट माती भरली की पाणी साचतं, मुळं गुदमरतात आणि झाड मान टाकतं. म्हणून नव्यानं बाग करणारीनं आधी रोप आणूच नये. आधी माती करावी.

हो, करावी! विकत आणायची गरज नाही. हे शिकवणारे श्री. अ. दाभोळकर आपल्या कोल्हापूरचेच. मूळचे गणिताचे; पण 'प्रयोग परिवार' उभा करून त्यांनी शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करायला लावलं, 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक लिहिलं. २००१ साली ते गेले. घरचा कचरा आणि उसाची चिपाडं यांतून गच्चीवर भाजी पिकवायची त्यांची रीत मुंबईपर्यंत पोचली. तिथं पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली तिथलाच ओला कचरा जिरवून बाग सुरू केली. मग आपल्या चार माणसांच्या घरातल्या सालींचं काय अवघड?

माती कशी करायची?

सुरुवात होळीच्या सुमाराला करा. तेव्हा पानगळ असते आणि रसवंतीगृहांबाहेर चिपाडांचे ढीग लागलेले असतात. मागितली तर पिशवीभर कुणीही देईल.

तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा किंवा फुटकी बादली घ्या. तळाला चार-पाच भोकं पाडा. डबा दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी निघून जाईल आणि गच्चीला ओल लागणार नाही. तळाशी नारळाच्या शेंड्या घाला. चिपाडं रात्रभर भिजवून, बोटभर तुकडे करून त्यांचा थर द्या. मग रोजच्या भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, आणि त्यावर दुप्पट सुका पाला. अधूनमधून मूठभर जुनं शेणखत किंवा बागेतली माती भुरभुरावी. शिजलेलं, तेलकट, खरकटं मात्र घालू नये.

वास आला तर ओल जास्त झाली, सुका पाला घाला. मुंग्या झाल्या तर फार कोरडं पडलं, पाणी शिंपडा. डबा भरला की खाली बसतो, पुन्हा भरा. दोन-अडीच महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या वासाची माती तयार होते. त्यात तिसरा हिस्सा साधी माती मिसळली की मृगाला पेरायला डबा तयार! शिवाय ही माती हलकी असते, गच्चीवर भार कमी पडतो.

पहिल्या वर्षी काय लावावं?

मेथी सगळ्यांत सोपी. घरातलेच दाणे रात्रभर भिजवून पेरा. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात खुडता येते. कोथिंबिरीसाठी धने लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाकी करा. ती आठ-दहा दिवस दिसत नाही. धीर सोडू नका. आपल्याकडच्या झडीत कोवळी रोपं कुजतात, म्हणून हे दोन्ही डबे वळचणीखाली ठेवा. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवली की मुळं फुटतात. अळूचा कांदा मोरीच्या पाण्यावरसुद्धा वाढतो, फक्त साबणाचं पाणी नको. मिरचीची दोन रोपं पुरेत. त्यांना चार-पाच तास ऊन हवं.

पाणी रोज घालायचंच असं नाही. बोट पेरभर मातीत खुपसा; ओलं लागलं तर त्या दिवशी सुट्टी. मिरचीवर मावा पडला तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारा.

आधीच कामं काय कमी आहेत?

हा प्रश्न रास्त आहे. म्हणून दोनच डबे. २०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं, म्हणजे निम्मं काम आपण तसंही करतोच. साल कापली की ती डब्यात टाकणं हे मात्र घरातल्या प्रत्येकाचं काम ठरवून द्या. मुलांचं आणि ह्यांचंही. दहा मिनिटांच्या वर वेळ जात असेल तर डबे वाढवू नका.

या दोन डब्यांनी कपिलतीर्थ मंडईतली फेरी काही चुकणार नाही. पण श्रावणात कोथिंबिरीची जुडी महाग होते, तेव्हा आमटीवर घालायला चार काड्या घरच्या मिळतील. तेवढं जमलं की पुढच्या वर्षी नर्सरीत जा आणि मनासारखा गुलाब आणा. आता तो जगेल.