टाकी किती लिटरची, हा दुसरा प्रश्न

सोलर हीटर घ्यायला गेलं की दुकानदार आधी घरात माणसं किती ते विचारतो. चार म्हटलं की २०० लिटर, सहा म्हटलं की ३००. मग ट्यूब किती, वॉरंटी किती वर्षांची, आणि शेवटी भावाची घासाघीस. टाकीबद्दलचं बोलणं ‘आतून स्टीलची आहे’ इथंच आटोपतं. वास्तविक आपल्याकडे ऊन तापतं दुपारी आणि आंघोळी उरकतात सकाळी सहा-सातला. ऊन झेलणारा कलेक्टर संध्याकाळी पाचला मोकळा होतो. पुढचे तेरा-चौदा तास दिवसाची कमाई राखायचं काम एकट्या टाकीचं.

ही कमाई केवढी? एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायचं तर ८,००० किलोकॅलरी, म्हणजे विजेची नऊ युनिटांहून थोडी जास्त. दोन किलोवॉटचा गिझर साडेचार तास चालवावा, तेवढी. रात्रीत त्यातली किती गळते हे आतली टाकी आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये भरलेल्या पॉलियुरेथेनच्या फेसावर, म्हणजे कारागीर ज्याला ‘पफ’ म्हणतात त्यावर अवलंबून. हा थर ५० मिलिमीटरचा आणि सलग असेल, बाहेर २० अंश असतील, तर गणितानं गळती ४० वॉटच्या आसपास येते. बारा तासांत अर्ध युनिट. पाणी जेमतेम दोन अंशांनी उतरतं. पफ निम्मा झाला की गळती जवळपास दुप्पट. पाइपांच्या जोडांतून आणि टेकूंतून आणखी थोडी जाते हे खरं, पण सकाळी पाणी कोमट आलं की सगळा दोष थंडीवर ढकलणं बरोबर नाही. बहुतेकदा पाणी गार झालेलं नसतं, मिसळलेलं असतं.

६० अंशांच्या एका लिटरचं वजन ९८३ ग्रॅम, २० अंशांच्या लिटरचं ९९८. फरक पंधरा ग्रॅमचा, पण तेवढ्यावर गरम पाणी वर राहतं आणि गार तळाशी बसतं. शिवाय पाणी उष्णता फार सावकाश वाहून नेतं, तांब्याच्या सहाशेव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून कुणी ढवळलं नाही तर हे थर तासन्‌तास टिकतात. आपल्याकडच्या काही जुन्या बंबांत हीच युक्ती होती: नरसाळ्यातून ओतलेलं गार पाणी नळीनं थेट तळाशी जाई आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बादलीत पडे.

थरांचं मोल आकड्यांत पाहू. २०० लिटर पाणी ६० अंशांवर आहे, त्यातलं १०० लिटर वापरलं आणि तेवढंच २० अंशांचं आत आलं. थर शाबूत राहिले तर वरचं १०० लिटर अजून ६० अंशांवरच आहे. विसणासाठी तेवढंच गार पाणी घातलं की ४० अंशांचं २०० लिटर हातात. तेच आत मिसळून गेलं, तर अख्खी टाकी ४० अंशांवर. उष्णता दोन्हीकडे सारखीच, पण दुसरीकडे आणखी ५० लिटर काढून तेवढं गार आत आलं की पाणी ३५ वर येतं आणि शेवटी आंघोळीला जाणारा कुरकुरतो.

म्हणून खरेदीच्या वेळी विचारावं, गार पाणी आत येतं कुठून आणि कसं? ते तळाशी यावं, आणि जोराच्या धारेनं न येता छिद्रांच्या पाइपातून किंवा आडव्या पत्र्यावर आपटून संथ पसरावं. थरांसाठी उभी टाकी आडवीपेक्षा सरस, कारण गरम-गार यांची सीमारेषा तिथं अरुंद असते. आपल्या गच्च्यांवर तरीही आडव्या टाक्याच दिसतात आणि त्याचं कारण रास्त आहे. बिनपंपाच्या यंत्रणेत गरम पाण्याची टाकी कलेक्टरच्या वर हवी आणि गार पाण्याची टाकी तिच्याही वर. उभी टाकी बसवली की सगळा मनोरा आणखी उंच होतो. मात्र ढगाळ दिवसांसाठीची विजेची कॉइल टाकीच्या तळाशी बसवलेली असेल, तर त्याला माझ्या मते सबब नाही. ती अख्खी टाकी तापवते आणि सकाळी ऊन आलं की त्याला तापवायला काही उरतच नाही. कॉइल वरच्या भागात हवी.

मग टाकी मोठीच घ्यावी का? आकार वाढतो तसा पृष्ठभाग आकारमानाच्या मानानं कमी वाढतो, त्यामुळे मोठी टाकी लिटरमागे कमी उष्णता गमावते. स्वित्झर्लंडमधल्या ओबरबुर्ग गावी २००७ मध्ये बांधलेल्या एका इमारतीत या तत्त्वाचा कळस आहे: मधोमध २,०५,००० लिटरची टाकी, छतावर २७६ चौरस मीटर कलेक्टर, आणि उन्हाळ्यातल्या उन्हावर हिवाळ्यात घरं उबदार. पण तिथं कलेक्टर टाकीच्या बेतानं बसवले आहेत. आपण दोन चौरस मीटरच्या कलेक्टरला ३०० लिटरची टाकी जोडली, तर हाती येतं भरपूर कोमट पाणी, आणि २० ते ४५ अंशांत लिजिओनेलासारखे जिवाणू मजेत वाढतात. १०० लिटरला साधारण दोन चौरस मीटर सपाट कलेक्टर, हे प्रमाण ठीक.

धातूचा निर्णय पाण्यावर सोडावा. बोअरचं जड पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट क्षार होऊन चिकटतो. पाण्यात क्लोराइड जास्त असेल, तर ३०४ जातीच्या स्टीलला गरम पाण्यात वेल्डिंगच्या रेषेशी भोकं पडू शकतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते अधिक टिकतं. काचेच्या मुलाम्याच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीच्या पोलादाऐवजी ती झिजते, म्हणून तिला वेळोवेळी काढून पाहावं लागतं. विक्रेत्याला ही कांडी कुठं आहे आणि कशी बदलतात हे दाखवता आलं नाही, तर दुसरं दुकान पाहावं.

आणि घरातला पाइप. १५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावतं. गच्चीपासून नळापर्यंत २० मीटर अंतर असेल, तर दर वेळी साडेतीन लिटर गार पाणी आधी सोडावं लागतं. टाकी न्हाणीघराच्या जितकी जवळ बसवता येईल तितकं बरं, आणि पाइपाला गुंडाळायचा फोम प्लंबरनं ‘नको हो, काही फरक पडत नाही’ म्हटलं तरी घालून घ्यावा.