संग्रहालयाच्या सभागृहात सिनेमा दाखवायचाय? सुरुवात आवाजापासून करा!

नवा प्रोजेक्टर आणि मऊ खुर्च्या घेतल्या की सभागृह सिनेमासाठी तयार, असं अनेकांना वाटतं. पण पहिला खर्च आवाजावर हवा. गुळगुळीत भिंतींवर आवाज घुमतो आणि संवाद कळत नाहीत. शिवाय सिनेमात संवाद पडद्यामागच्या स्पीकरमधून येतात, म्हणून पडद्याला बारीक छिद्रं लागतात. व्याख्यानासाठी लावलेला साधा पडदा इथे चालत नाही.

संग्रहालयातल्या सिनेमा सभागृहाचा सर्वोत्तम नमुना म्हणजे अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन संग्रहालयातलं ड्रायडन थिएटर. 1951 साली सुरू झालेलं, सुमारे 500 खुर्च्यांचं. इथे आजही जुनी, सहज पेट घेणारी नायट्रेट फिल्म दाखवतात! ही फिल्म जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडते, त्यामुळे ती पाण्यातही विझत नाही. म्हणूनच अशा ठिकाणी प्रोजेक्शनची खोली आगीला दाद न देणारी बांधतात आणि आग लागलीच तर खिडक्यांवर झडपा पडतात. एक रीळ साधारण 20 मिनिटांचं, म्हणून एक संपताच दुसरं सुरू करायला शेजारी शेजारी दोन प्रोजेक्टर. 2015 पासून तिथे खास नायट्रेट महोत्सव भरतो.

2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं आगीत गेली, हे आठवलं की अजून जीव तुटतो. उरलेल्या फिल्म पडद्यावर दाखवता याव्यात, म्हणून माझं ठाम मत आहे: सभागृहाचं नूतनीकरण करताना डिजिटल प्रोजेक्टर जरूर घ्या, पण 35 मिमीची जुनी यंत्रं भंगारात काढू नका. ती चालवणारे हातही जपा.