मुका सेन्सर कोणता?

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि नेहमीच्या तुटक बीपऐवजी एकच लांबलचक सूर आला. मग सगळं चिडीचूप. मागच्या बंपरवर चार सेन्सर आहेत. एक बिघडला तरी आमची गाडी इशारे देणं थांबवते. गॅरेजवाल्याने चारही बदलायला सांगितले. म्हटलं, आधी दोष कुठे आहे ते तरी बघू.

हे सेन्सर वटवाघळासारखे काम करतात. आतली पिझोइलेक्ट्रिक चकती विजेच्या स्पंदाने थरथरते आणि साधारण ४० ते ५० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडते. आपले कान २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतात. अडथळ्यावरून परतलेला प्रतिध्वनी तीच चकती टिपते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, त्यामुळे एक मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन यायला त्याला जेमतेम ६ मिलिसेकंद लागतात. त्या वेळेवरून अंतर काढलं जातं.

चिखल, बर्फ किंवा रंगाचा जाड थर बसला की ही थरथर बिघडते. म्हणून आधी ओल्या फडक्याने सेन्सर पुसले. फरक पडला नाही.

मग इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला, रिव्हर्स गिअर टाकलेला आणि ब्रेकवर पाय ठेवून घरचं माणूस आत, अशा तयारीने एकेका सेन्सरला कान लावला. मूळ ध्वनी ऐकू येत नसला तरी चालू सेन्सरची बारीक टिकटिक जाणवते. तीन टिकटिकत होते, चौथा मुका.

पण मुका म्हणजे मेलेलाच असं नाही. कदाचित त्याच्यापर्यंत वीजच पोचत नसेल. इग्निशन बंद करून तो आणि शेजारचा, दोन्ही एकाच पार्ट नंबरचे, आपसात बदलले. दोष सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर खराब. जागेवरच राहिला तर तार किंवा कनेक्टर. मुका सेन्सर नव्या जागी टिकटिकू लागला आणि चांगला मात्र गप्प झाला!

कनेक्टर उघडला तर पिना हिरव्या पडलेल्या. रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठाचं पाणी फाटक्या रबरी सीलमधून आत गेलं होतं. फक्त कनेक्टर बदलला आणि बीप परत आले.

तरीही मागे वळून बघायची सवय सोडलेली नाही. मऊ कपडे ध्वनी शोषतात आणि ठेंगणी वस्तू झोताच्या खाली राहते. लोकरी कोट घालून गाडीमागे वाकलेलं मूल धडधाकट सेन्सरच्याही नजरेतून सुटू शकतं.