म्हैसूरची येझदी की पीथमपूरची?

आपल्या भागात अजून अशी घरे आहेत जिथे दारातल्या मोटारसायकलला कोणी ‘गाडी’ म्हणत नाही, ‘येझदी’च म्हणतात. आमचे घर त्यातलेच. अप्पांनी 1984 मध्ये बेळगावात रोडकिंग घेतली आणि पुढची चाळीस वर्षे ती त्यांच्याकडेच होती. अप्पा 2024 मध्ये गेले. गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली राहिली, आणि तिचे करायचे काय, हा प्रश्न घरात सुरू झाला.

प्रश्नाला तोंड फोडले ते माझ्या भाच्याने. माझी आक्का पांढुर्ण्याला दिली आहे. तो गाव मध्य प्रदेशात. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेवर. पण घराघरांत मराठीच, पोळा-मारबत तेच, संत्र्याच्या बागा त्याच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार वर्तमानपत्रांतून आपल्याला ठाऊक असते. 2023 मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. म्हणजे आक्काही आपल्यासारखीच सीमेवरची. फक्त आपल्याकडे मराठीला कानडीची सोबत, तिच्याकडे हिंदीची. भाचा शाळेत हिंदी शिकला, घरी मराठी बोलतो आणि सुटीत आजोळी आला की अव्वाशी मोडक्या कानडीत बोलायचा प्रयत्न करतो.

त्याला सौंसरजवळच्या बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. रोजचे जाणे-येणे सत्तर किलोमीटरच्या आसपास. गाडी हवीच होती. त्याच्या मनात होती नवी येझदी रोडस्टर. आणि फोनवर मला म्हणाला, “मामाजी, अज्जांची येझदी तशीच पडून आहे ना? मंग नवीन काऊन घ्यायची? तीच धाडा ना इकडं!” भाऊजींचे म्हणणे वेगळे. बंगळूरच्या एका हौशी माणसाने जुन्या रोडकिंगला चांगली किंमत देऊ केली होती. ती विकावी, पैसे नव्या गाडीत घालावेत, पोराचे कर्ज कमी होईल. व्यवहार म्हणून त्यात काही चूक नव्हती.

मला यात आधी गंमत वाटली ती निराळ्याच गोष्टीची. जुनी येझदी म्हैसूरची, म्हणजे आपल्या कर्नाटकातली. नवी येते पीथमपूरहून, इंदूरजवळच्या कारखान्यातून. म्हणजे भाच्याच्या राज्यातली. एकाच नावाच्या दोन गाड्या, एक अज्जाच्या राज्याची, एक नातवाच्या.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जावा ही मूळची चेक गाडी. यानेचेक हे संस्थापकाचे आडनाव आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून 1929 मध्ये ‘जावा’ झाले. आपल्याकडे इराणी कुटुंबाने म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावा हा कारखाना काढला आणि 1961 पासून तिथे गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात चेक नाव जाऊन ‘येझदी’ आले. इराणातल्या यझ्द शहरावरून. 1978 मध्ये रोडकिंग आली. पुढे जपानी तंत्राच्या, पेट्रोल कमी पिणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्यांनी बाजार घेतला, धुराचे नियम कडक झाले, आणि 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. महिंद्रांचे पाठबळ असलेल्या क्लासिक लेजेंड्सने 2018 च्या नोव्हेंबरात जावा परत आणली आणि 2022 च्या जानेवारीत येझदी. ‘येझदी’ या नावाचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेला. बंद कारखान्याच्या नावासाठी लोक कोर्टात भांडतात, यावरूनच त्या नावाची किंमत कळते.

आता गाड्यांकडे येऊ. जुनी रोडकिंग अडीचशे सीसीची, टू-स्ट्रोक, चार गिअरची, ताकद सोळा अश्वशक्तीची. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअरचा दांडा एकच: आत दाबून वर उभा करायचा, किक मारायची, मग खाली आणला की तोच गिअर. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे अप्पा क्लचची तार तुटली तरी गाडी घरी आणत. पेट्रोलमध्ये लिटरमागे चाळीस-पन्नास मिली ऑइल मिसळायचे. ते प्रमाण चुकले की एकतर मागे निळा धूर, नाहीतर पिस्टन जाम. लिटरला तीसच्या आसपास किलोमीटर मिळाले तर नशीब. ब्रेक दोन्हीकडे ड्रमचे. त्यांच्याबद्दल चांगले बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

नवी रोडस्टर 334 सीसीची, फोर-स्ट्रोक, पाण्याने इंजिन थंड ठेवणारी. सहा गिअर, ताकद एकोणतीस अश्वशक्तीच्या घरात, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एबीएस. बटण दाबले की सुरू. रोडस्टर हा शब्द उघड्या टपाच्या दोन माणसांच्या मोटारीलाही वापरतात. त्यात हलकेपणा अपेक्षित असतो. पण वजनात मात्र उलटे आहे. नवी एकशेऐंशी किलोच्या वर जाते, जुनी एकशेचाळीसच्या आसपास. भाचा मे महिन्यात बेळगावला आला तेव्हा आमच्या मिस्त्रींनी आठवडाभर खपून रोडकिंग चालू केली होती. कार्ब्युरेटर साफ, पॉइंट नवे, टाकीतला गंज काढलेला. तो पहिल्या वळणावरच ओरडला, “मामाजी, ही तं सायकलसारखी वळते!” खरे आहे. गल्लीत, शेताच्या वाटेवर जुनी हातात खेळते.

पण त्याला गल्लीत चालवायची नव्हती. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर दिवसरात्र मालट्रक चालतात. पुढे छिंदवाड्याकडे जायचे तर सिल्लेवानीचा घाट. पावसाळ्यात उतारावर समोरचा ट्रक अचानक थांबला तर ड्रम ब्रेकवर किती भरवसा ठेवायचा? इथे मी आक्काच्या बाजूचा. ज्या पोराला रोज अंधारात पाळीवरून परतायचे आहे त्याला चांगला दिवा आणि चांगले ब्रेक हवेत. चाळीस वर्षांच्या गाडीचा दिवा पुढच्या माणसाला दिसतो, रस्ता दाखवत नाही.

दुसरे, पेट्रोल. 2025 पर्यंत देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. जुन्या गाड्यांतले रबरी वायसर आणि नळ्या त्याने लवकर खराब होतात, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर इथेनॉल पाणी ओढून घेते. मिस्त्रींचा सल्ला असा, की नळ्या नव्या प्रकारच्या बसवा आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा.

तिसरे, कागद. वाचकांपैकी अनेकांच्या घरी वडिलांच्या नावावर अशी गाडी असेल, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. मालक वारले तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. आम्ही ती अव्वाच्या नावावर केली. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला, मग तिकडची नवी नोंदणी आणि तिकडचा कर. वीस वर्षांवरच्या दुचाकीचे नूतनीकरण शुल्क 2025 च्या ऑगस्टमध्ये दोन हजार झाले. ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी 2021 पासून मिळते, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते आणि मग ती रोजच्या वापराला चालत नाही. आमची 2034 मध्ये त्या वयात येईल. पांढुर्ण्याला नेऊन रोज चालवायची तर या सगळ्यातून जावे लागणार, आणि सुटे भाग पुन्हा बंगळूर-म्हैसूरकडूनच मागवावे लागणार, हजाराहून जास्त किलोमीटरवर.

म्हणजे रोजच्या कामाला नवी, यावर सगळ्यांचे एकमत झाले. सप्टेंबर 2025 मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. त्याने शोरूमची किंमत दोन लाखांच्या आसपास आली आणि भाऊजींचा जीव थोडा हलका झाला. उरला प्रश्न जुनी विकायचा.

त्यावर बैठक बसली ती अव्वाच्या खोलीत. आक्का-भाऊजी आले होते. भाऊजींनी हिशेब मांडला, मी कागद दाखवले. अव्वा धारवाडकडची, राग आला की ती मराठी सोडते. सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “मारब्याड.” आपल्या वाचकांना अर्थ सांगायला नको. पण पांढुर्ण्याचा पोरगा, त्याच्या कानाला ‘मार’ म्हणजे गोटमार! तो घाबरून म्हणाला, “आजी, मी कुठं कोणाला मारतो?” आक्काने समजावले, विकू नकोस म्हणते ती. मग अव्वा मराठीत आली. म्हणाली, या गाडीवर अप्पा तिला पहिल्यांदा सौंदत्तीला यल्लम्माला घेऊन गेले. आक्काला पांढुर्ण्याला पोचवून आल्यावर रात्री दोन वाजता याच गाडीचा आवाज गल्लीत आला तेव्हा तिला कळले, पोरगी सासरी सुखरूप पोचली. आक्का हे पहिल्यांदाच ऐकत होती. भाऊजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच बंगळूरच्या माणसाला फोन लावून नाही म्हणून कळवले.

भाच्याने नागपूरहून रोडस्टर घेतली. कर्ज तीन वर्षांचे आहे. पहिल्या रविवारी तो आक्काला मागे बसवून सौंसरजवळ जाम सावळीच्या हनुमानाला जाऊन आला. आक्काचे मत असे, की गाडी चांगली आहे, पण मागची सीट अप्पांच्या गाडीची जास्त रुंद होती.

जुनीला आता आठवड्यातून एकदा मी किक मारतो. पाय दुखतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या किकेला सुरू होते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात. पुढच्या वर्षी त्यासाठी भाचा रजा टाकून इकडे येणार आहे. अव्वाने त्याला आत्तापासून बजावले आहे, ऑइल मोजून घाल, अंदाजाने नको.