मत्स्यकन्येच्या कवितेतील माणूस

मत्स्यकन्या म्हणजे पुरुषाला भुलवून बुडविणारी मोहिनी, हा समज युरोपीय लोककथांतून कवितेत आला आणि समीक्षेतही रूढ झाला. हाइन्रिश हाइने याची १८२४ मधील लोरेलायवरील कविता त्याचे प्रमाण म्हणून पुढे केली जाते. (ऱ्हाईनकाठच्या खडकावर केस विंचरीत बसलेल्या या स्त्रीला मत्स्यपुच्छ नाही, ती प्राचीन दंतकथेतलीही नव्हे, तर क्लेमेन्स ब्रेन्टानो याने १८०१ मध्ये निर्मिलेली आहे, याचा सहसा विसर पडतो.) परंतु या प्रतिमेचा पुढील प्रवास पाहिला असता धोक्याचे स्थान बदललेले दिसते. पाण्यापेक्षा माणसांची भूमीच अधिक घातक ठरू लागते.

या दृष्टीने मॅथ्यू आर्नल्डची 'द फॉरसेकन मर्मन' (१८४९) ही कविता विशेष लक्षणीय आहे. येथे निवेदक जलपुरुष आहे. ('मत्स्यकन्या' या रूढ शब्दात त्याला जागाच नाही, हेही बोलके आहे.) डॅनिश लोकगीतातील आग्नेतेच्या कथेशी या कवितेचे जवळचे नाते असून त्यात मानवी स्त्रीच समुद्रातील संसार सोडून जाते. ईस्टरच्या सुमारास चर्चची घंटा ऐकून मार्गारेटला आपल्या आत्म्याची चिंता वाटते, जलपुरुष स्वतःच तिला जाण्याची अनुमती देतो आणि ती परतत नाही. मुलांना घेऊन तो चर्चच्या खिडकीशी येतो. थडग्यांच्या दगडांवर चढून तो आत पाहतो. तिची दृष्टी मात्र धर्मग्रंथावरून ढळत नाही. बेइमानीचा जो आरोप लोकपरंपरेने जलवासिनीवर केला, तो येथे मानवी स्त्रीवर येतो. तरीही कवी तिला निष्ठुर ठरवून मोकळा होत नाही. चरख्याशी आनंदाने गाता गाता ती थांबते, समुद्राकडे पाहते, आणि मागे राहिलेल्या लहानग्या मुलीच्या आठवणीने तिचे डोळे भरून येतात. घंटा ऐकण्यापूर्वी ती समुद्रतळाशी धाकट्या अपत्याचे केस विंचरीत बसलेली होती. केस विंचरणे हे परंपरेत भुलविण्याचे चिन्ह. आर्नल्डने त्याचे मातृत्वाच्या नित्यकर्मात रूपांतर केले आहे. धर्म आणि संसार या दोहोंत सापडलेल्या माणसाची कोंडी या एका तपशिलात जितकी उतरली आहे, तितकी ती कवितेतील विलापाच्या ओळींत क्वचितच उतरते.

टी. एस. एलियटच्या प्रुफ्रॉकला (१९१५) मत्स्यकन्यांचे गाणे ऐकू येते, परंतु ते आपल्यासाठी नाही याची त्याला जवळजवळ खात्री आहे. त्याला बुडविते ती त्यांची हाक नव्हे. मानवी आवाजांनी जाग आली की तो बुडतो.

पाब्लो नेरूदाच्या १९५८ मधील कवितेत ही दिशा टोकाला जाते. नदीतून वाट चुकून आलेली मत्स्यकन्या मद्यपींनी भरलेल्या गुत्त्यात शिरते. ते तिच्यावर थुंकतात, तिला चटके देतात, हसत सुटतात. ती बोलत नाही, कारण तिला भाषाच येत नाही. आन्डरसनच्या १८३७ मधील कथेत मत्स्यकन्येने माणसांत येण्यासाठी स्वतःचा आवाज मोल म्हणून दिला होता. येथे असा कोणताही सौदा नाही, प्रेमही नाही. ती आली त्याच दाराने बाहेर पडते, नदीच्या पाण्यात पुन्हा निर्मळ होते आणि मागे न पाहता मृत्यूच्या दिशेने पोहत जाते.